सारख्या वस्तू, निराळे भार: भेदाच्या कारणाचा प्रश्न

समान कारणांपासून समान कार्ये निपजतात आणि जेथे कार्ये निराळी दिसतात तेथे कारणांतही काहीतरी निराळे असलेच पाहिजे, हे गृहीत पौर्वात्य आणि पाश्चात्त्य तत्त्वविचारात इतके खोलवर मुरलेले आहे की ते एक गृहीत आहे याचीही आठवण क्वचितच ठेवली जाते. त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा तपासायच्या, तर आत्मा, परमाणू किंवा ईश्वर यांच्यापासून आरंभ करण्यापेक्षा एखाद्या क्षुल्लक, हाताळता येण्याजोग्या वस्तूपासून केलेला बरा. कारण तेथे लपलेला भेद शोधता येतो आणि तो खरोखर सापडला की नाही, हे पडताळूनही पाहता येते. इंग्लंडातील नद्या-तळ्यांवर गळाने मासे धरणाऱ्यांच्या पेटीतला फ्लोट ही अशी एक वस्तू आहे. एकाच कारखान्यातून आलेले, एकाच लांबीचे, एकाच रंगाचे आणि अंगावर एकच भार छापलेले दोन फ्लोट पाण्यात सोडले, तर एकाला नेमके बुडवणारे छर्रे दुसऱ्याला अपुरे पडतात किंवा जास्त होतात, हा तेथील नेहमीचा अनुभव आहे.

फ्लोट म्हणजे गळाच्या दोरीला अडकवलेला हलका, तरंगणारा तुकडा. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा फ्लोटचे पाण्यावर दिसणारे टोक बुडते, कलते किंवा उचलले जाते आणि पाण्याखाली काय चालले आहे याची वर्दी काठावरच्या माणसाला मिळते. वर राहिलेला भाग जितका कमी, तितका माशाला जाणवणारा विरोध कमी, म्हणून दोरीवर लहान छर्रे बसवून फ्लोट जवळजवळ पूर्ण बुडवला जातो. छर्रा हा मध्ये चीर असलेला गोल मणी असतो. चिरेत दोरी घालून तो दाबला की जागच्या जागी घट्ट बसतो. आकारानुसार छर्ऱ्यांची नावे ठरलेली आहेत: एएए सुमारे ०.८ ग्रॅमचा, बीबी त्याच्या निम्मा म्हणजे ०.४ ग्रॅमचा, तर आठ नंबरचा छर्रा अवघा ०.०६ ग्रॅमचा असतो. फ्लोटवर 'तीन एएए' असे छापलेले असेल, तर साधारण २.४ ग्रॅम भार त्याला पुरावा, असा निर्मात्याचा दावा असतो.

हा दावा का ढळतो, हे समजण्यासाठी आर्किमिडीजचा नियम पुरेसा आहे. बुडालेल्या वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले, त्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर ढकलतो. या रेट्यातून फ्लोटचे स्वतःचे वजन वजा केले की उरते ती छर्ऱ्यांसाठीची जागा. दहा मिलिमीटर व्यासाचा आणि चाळीस मिलिमीटर लांबीचा लाकडी दंड घेतला, तर त्याचे आकारमान ३.१४ घनसेंटिमीटर भरते. व्यास केवळ ०.२ मिलिमीटरने वाढला, जी वाढ डोळ्यालाच काय पण बोटांनाही सहसा कळत नाही, तरी व्यासाचा वर्ग होत असल्याने आकारमान सुमारे ०.१३ घनसेंटिमीटरने वाढते आणि आठ नंबरचे दोन छर्रे अधिक लागतात. लाकडाचा हिशोब याहून मोठा आहे. फ्लोटसाठी वापरले जाणारे बाल्सा हे उष्ण अमेरिकेतील झाड झपाट्याने वाढते आणि त्याच्या लाकडाची घनता झाडागणिक तर बदलतेच, पण एकाच खोडात गाभ्यापासून सालीपर्यंतही बदलत जाते. वरच्याच आकाराचा एक दंड दर घनसेंटिमीटरला ०.१२ ग्रॅम घनतेच्या लाकडाचा आणि दुसरा ०.२० ग्रॅम घनतेच्या लाकडाचा असेल, तर दोहोंच्या वजनात पाव ग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे आठ नंबरचे चार-पाच छर्रे. वरून रंग चढला की दोन्ही दंड जुळ्या भावांसारखे दिसतात.

रंगाविषयी एक प्रचलित समजूत येथे तपासून घेण्यासारखी आहे. हाताने चढवलेला रंगाचा थर कमीजास्त होतो आणि म्हणून फ्लोटचा भार बदलतो, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. वाळलेला रंग पाण्याहून थोडाच जड असतो आणि तो फ्लोटच्या वजनाबरोबर त्याचे आकारमानही वाढवतो, त्यामुळे त्याने आणलेले वजन आणि त्याने मिळवून दिलेला रेटा एकमेकांना बहुतांशी खाऊन टाकतात. लाकडात झिरपलेल्या रंगाची गोष्ट मात्र वेगळी, कारण तो वजन वाढवतो पण आकारमान नाही. खालच्या बाजूला बसवलेल्या तारेची किंवा पितळी कडीचीही तीच कथा. सर्वांत अधिक नजरेत भरणारे कारण सर्वांत दुबळे निघावे, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे.

छर्ऱ्यांकडूनही फरक येतो. थेम्स आणि अन्य नद्यांवरील हंस शिशाचे छर्रे गिळून विषबाधेने मरत असल्याचे दिसून आल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ पासून, अगदी बारीक आकार वगळता, शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आली आणि कथिल किंवा टंगस्टन यांवर आधारलेले पर्याय बाजारात आले. छर्रेही पाण्यातच बुडालेले असतात आणि तेही आपल्या आकारमानाइतके पाणी सारतात, म्हणून हवेत २.४ ग्रॅम भरणारे शिसे पाण्यात सुमारे २.२ ग्रॅम इतकाच ओढा देते, तर तेवढ्याच वजनाचे कथिल त्याहून हलके धातुद्रव्य असल्याने अधिक जागा व्यापते आणि सुमारे २.०७ ग्रॅम ओढा देते. तराजूवर अगदी तुल्य असलेले दोन भार पाण्यात तुल्य राहत नाहीत. त्यातच पाणी गोडे की खारे हा मुद्दा आहेच. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक असल्याने वर सांगितलेला दंड तेथे आठ नंबरचा आणखी एखादा छर्रा मागतो.

यावरून पहिली तात्त्विक गोष्ट निघते ती अशी की 'या फ्लोटला किती छर्रे लागतात' या प्रश्नाचे उत्तर फ्लोटमध्ये वास करणाऱ्या एखाद्या गुणाचे नाव नाही. ते दोन राशींच्या वजाबाकीतून उरलेले शेष आहे आणि त्यात फ्लोट, पाणी, दोरी, छर्ऱ्याचा धातू असे सारे भागीदार आहेत. दोन राशींतील प्रत्येकी लहानसा फरक वजाबाकीत दडून राहत नाही, तो पूर्णच्या पूर्ण शेषात उतरतो. वैशेषिक दर्शनाच्या परिभाषेत सांगायचे, तर छर्ऱ्यांची गरज हा फ्लोटचा गुण नसून अनेक द्रव्यांच्या संयोगात प्रकट होणारी उणीव आहे. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव, म्हणजे नसणे, हा सातवा पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा मूलभूत प्रकार, मानला, त्यामागची निकड अशा ठिकाणी ध्यानात येते.

याच दर्शनाने वजनाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलेले आहे. या दर्शनाचा सूत्रकार कणाद याच्या सूत्रांत उल्लेखलेल्या सतरा गुणांत भाष्यकार प्रशस्तपादाने जी सात गुणांची भर घातली, तिच्यात गुरुत्व म्हणजे जडपणा येतो. आणि प्रशस्तपादाच्या मते गुरुत्व अतींद्रिय आहे, म्हणजे कोणत्याही इंद्रियाला ते प्रत्यक्ष दिसत नाही, तर वस्तूच्या पतनावरून त्याचे अनुमान करावे लागते. रूप डोळ्याला दिसते, परिमाण म्हणजे लांबी-रुंदी डोळ्याला आणि हाताला कळते, पण गुरुत्व स्वतःला केवळ आपल्या कार्यातून उघड करते. दोन फ्लोट 'सारखे' आहेत असे म्हणणारा माणूस रूप आणि परिमाण यांच्या साक्षीवर निकाल देत असतो, तर पाणी ज्या बाबीला प्रतिसाद देते ती त्या साक्षीच्या कक्षेबाहेर असते. त्याची चूक झालेली नसते; त्याने चुकीच्या साक्षीदाराला विचारलेले असते. मोरपिसाच्या दांडीपासून किंवा सरकंड्यासारख्या वेतातून केलेल्या फ्लोटच्या बाबतीत असे आश्चर्य कोणालाच वाटत नाही, कारण पीस किंवा वेत निसर्गतः वाढलेला असल्याने तो दुसऱ्यासारखा असेल अशी अपेक्षाच नसते. आश्चर्य वाटायला आधी कोणीतरी सारखेपणाचे आश्वासन छापून द्यावे लागते.

आता सारखेपणा म्हणजे काय, याकडे वळावे लागते. फ्लोटचे पाण्यावर राहणारे टोक चार मिलिमीटर जाड असेल, तर त्याच्या एक सेंटिमीटर लांबीत सुमारे ०.१३ घनसेंटिमीटर आकारमान असते. आठ नंबरच्या एका छर्ऱ्याने ते अर्धा सेंटिमीटर खाली जाते, एवढेच. तेच टोक एक मिलिमीटर जाडीच्या तंतूचे असेल, तर एक सेंटिमीटरात ०.००८ घनसेंटिमीटरहूनही कमी आकारमान असते आणि तोच छर्रा सगळे टोक बुडवून फ्लोट तळाला नेतो. इतक्या बारीक टोकावर पाण्याचा पृष्ठताणही कारभार करू लागतो: टोकाच्या परिघावर पाण्याची कड वर चढली तर ती सुमारे ०.०२ ग्रॅमचा ओढा खाली देते आणि टोकाला तेलाचा ओशटपणा असेल तर तेवढाच आधार वर देते. म्हणजे जे दोन फ्लोट जाड टोकाच्या कसोटीवर एकरूप ठरले असते, ते बारीक टोकाच्या कसोटीवर निराळे ठरतात. इतकेच नव्हे, तर एकच फ्लोट सकाळी कोरडा आणि दुपारी ओशट अशा दोन अवस्थांत स्वतःशीही जुळत नाही.

धर्मकीर्ती या सातव्या शतकातील बौद्ध तार्किकाने सामान्याविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याला हे उदाहरण चपखल बसते. सामान्य म्हणजे अनेक व्यक्तींत एकसारखी राहणारी जाती, उदाहरणार्थ सर्व गायींतील गोत्व. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे अनुयायी, आणि वैशेषिक ती खरोखर अस्तित्वात असलेली मानतात. धर्मकीर्तीच्या मते खरे अस्तित्व केवळ स्वलक्षणांना, म्हणजे आपापल्या ठिकाणी अद्वितीय असलेल्या आणि काहीतरी कार्य करू शकणाऱ्या व्यक्तींना असते, आणि 'सारखे' हा शब्द आपण त्यांच्यावर बसवतो तो ती एकसारखे कार्य साधतात म्हणून. गुळवेल आणि इतर काही औषधी परस्परांहून भिन्न असूनही ज्वर उतरवतात. त्यासाठी त्यांच्यात कोणतीतरी एक जाती शोधण्याचे कारण नाही, असा त्याचा दाखला आहे. 'तीन एएए' ही अशीच एक कार्यावरून बसवलेली पाटी होय. मासा लागल्याची वर्दी देणे एवढेच काम असेल तोवर ती पाटी लावलेले सर्व फ्लोट सारखे. टोकाचे शेवटचे पाच मिलिमीटर महत्त्वाचे ठरले की पाटीचे राज्य संपते. या मताला एक पुस्ती जोडणे मात्र अवश्य आहे. प्रयोजनाने सारखेपणा ठरतो, याचा अर्थ तो मनमानी असतो असा नव्हे. कोणते प्रयोजन धरायचे हे माणूस ठरवतो, पण ते धरल्यावर कोणते फ्लोट जुळतील आणि कोणते नाही, हे पाणी ठरवते.

युरोपात या प्रश्नाची सर्वांत धीट मांडणी लायबनिट्सने केली. ज्या दोन वस्तू सर्व गुणांत तंतोतंत एक आहेत त्या दोन नसून एकच आहेत, म्हणून निसर्गात पूर्णपणे सारख्या अशा दोन वस्तू सापडणार नाहीत, हे त्याचे तत्त्व. सॅम्युएल क्लार्कशी १७१५-१६ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात त्याने हेरेनहाउझेनच्या बागेतील प्रसंग सांगितला आहे: राजपत्नी सोफी हिच्यासमोर एका गृहस्थाने दोन अगदी सारखी पाने शोधून दाखवण्याची तयारी दर्शवली, बागभर हिंडूनही ती त्याला सापडली नाहीत, आणि पाण्याचे किंवा दुधाचे दोन थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली निराळे दिसतात, अशी जोड लायबनिट्सने दिली. फ्लोटचा अनुभव या पंक्तीत सहज बसतो आणि कोणी तो लायबनिट्सच्या तत्त्वाचा पुरावा म्हणून पुढेही करील. तसे करणे चूक ठरेल. फ्लोट, पाने आणि थेंब यांवरून एवढेच सिद्ध होते की ज्या ज्या वस्तू तपासल्या त्यांत गुणभेद सापडला. गुणभेद नसता तर त्या दोन राहिल्याच नसत्या, हे त्यातून निघत नाही. कांटने १७८१ मध्ये हेच बोट ठेवले: दोन थेंब गुणांनी पूर्ण सारखे मानले, तरी ते एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी आहेत, एवढ्यानेच त्यांचे दोनपण सिद्ध होते.

दोन वस्तू निराळ्या का वागतात आणि त्या मुळात दोन का, हे दोन प्रश्न वैशेषिकांनी फार पूर्वी वेगळे ओळखले होते. दोन घट निराळे का, तर त्यांचे अवयव निराळे म्हणून. अवयव निराळे का, तर त्यांचे अवयव निराळे म्हणून. असे उतरत उतरत निरवयव परमाणूंपाशी पोहोचले की तेथे एकाच जातीच्या, एकाच गुणांच्या दोन परमाणूंना निराळे करणारे काय, असा प्रश्न उरतो. त्यासाठी त्यांनी विशेष नावाचा पदार्थ मानला: प्रत्येक नित्य द्रव्यात राहणारा, त्याला इतर सर्वांपासून वेगळे करणारा आणि स्वतः मात्र आपल्याच बळावर वेगळा असणारा. या विशेषाने परमाणूच्या वागणुकीचा उलगडा होत नाही आणि तो करावा अशी अपेक्षाही नाही. एकाला अधिक छर्रे का लागतात याचे उत्तर विशेष देत नाही, तर एक हा एक आणि दुसरा हा दुसरा का, एवढ्याचेच देतो. सोळाव्या शतकात नव्यन्यायाचा धुरंधर रघुनाथ शिरोमणी याने हा पदार्थ अनावश्यक म्हणून टाकून दिला: विशेष जर स्वतःच्या बळावर वेगळा राहू शकतो, तर परमाणूच तसा राहिला तर काय बिघडले? हा आक्षेप बिनतोड आहे. कारणांची साखळी कुठेतरी थांबवायचीच असेल, तर थांबण्याच्या जागेला नवे नाव दिल्याने साखळी एका कडीने लांबते, इतकेच.

गुणभेद नसूनही वर्तनभेद असू शकतो का, हा तिसरा प्रश्न विसाव्या शतकात नव्या धारेने पुढे आला. रेडियमचा जो प्रकार प्रामुख्याने आढळतो त्याचे अर्धे अणू सुमारे १६०० वर्षांत विघटित होतात, पण त्यांतला एखादा अणू याच मिनिटाला फुटतो आणि शेजारचा हजारो वर्षे तसाच राहतो, आणि पुंजयांत्रिकीनुसार फुटण्याच्या क्षणापर्यंत त्या दोहोंत कसलाही फरक नसतो. जुना अणू नव्याहून अधिक झिजलेलाही नसतो. आत एखादा सूक्ष्म भेद दडलेला असेल आणि साधने सुधारली की तो सापडेल, ही फ्लोटच्या अनुभवावर पोसलेली आशा येथे सहज उभी राहते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने १९६४ मध्ये दाखवून दिले की असे लपलेले भेद आपापल्या जागीच कार्य करत असतील, तर दूर गेलेल्या कणजोड्यांवरील मोजमापांच्या परस्परमेळाला एक ठरावीक मर्यादा पडते. आणि प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली जाते. लपलेला भेद मानण्याचा मार्ग त्यामुळे पूर्ण बंद होत नाही, पण तो मानायचा तर त्याचा परिणाम कितीही अंतरावर तत्क्षणी पोहोचतो, हेही पदरात घ्यावे लागते. विशेष या पदार्थालाही याच शतकात, त्याआधीच, धक्का बसला होता. सत्येंद्रनाथ बसू यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची गणना करताना दोन कणांची अदलाबदल ही नवी मांडणी मानली नाही, आणि ती तशी न मानल्यानेच प्रारणाचा प्रयोगसिद्ध नियम हाती आला. 'हा' कण आणि 'तो' कण असा भेद तेथे नुसता अज्ञात नाही, तो गणनेत धरला तर उत्तर चुकते.

तेव्हा 'कार्यभेद आहे म्हणून कारणभेद असलाच पाहिजे' हे विधान सर्वत्र लागू पडणारे सत्य नसून शोधाला प्रवृत्त करणारा एक नियम आहे, असे म्हणणे भाग आहे. फ्लोटच्या बाबतीत हा नियम फळाला येतो, आणि तो का येतो हे नीट पाहिले पाहिजे. तेथे लपलेला भेद पाण्यात पडलेल्या फरकावरून नुसता कल्पिलेला नसतो. फ्लोट पाण्यात टाकण्याआधी तराजूवर ठेवता येतो, त्याचा व्यास मोजता येतो, आणि कोणाला किती छर्रे लागतील हे आधी सांगून मग पडताळता येते. कार्याला वगळून, दुसऱ्या वाटेने ज्याच्यापर्यंत पोहोचता येते असा भेद म्हणजे स्पष्टीकरण; ज्याच्याकडे जाण्याची वाट केवळ त्या कार्यातूनच आहे असा भेद म्हणजे कार्याचेच दुसरे नाव. रंगाच्या थराचे उदाहरण येथे कामाला येते: तो भेद खरा होता, डोळ्याला दिसतही होता, पण मोजणी केल्यावर त्याच्या माथी मारलेले कार्य त्याचे नव्हते असे निघाले. जो भेद मोजताच येत नाही, त्याच्यावर असा निर्दोषपणा किंवा दोष कधीच सिद्ध होऊ शकत नाही.

धर्मविचारात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो माणसांच्या विषम दशेसंबंधी. ईश्वर सर्वांना समान असेल, तर एक जीव सुखात आणि दुसरा दुःखात का जन्मतो? ब्रह्मसूत्रांतील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौतिसावे सूत्र ईश्वरावर येणारे वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप परतवण्यासाठी आहे. शंकराचार्यांचे उत्तर असे की ईश्वर प्रत्येक जीवाच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. पाऊस जसा भात, जव इत्यादी सर्वांना सारखाच कारण होतो आणि त्यांच्यातील वैषम्य ज्याच्या त्याच्या बीजातील सामर्थ्यामुळे येते, तसे. पाण्याने कोणत्याही फ्लोटचा पक्षपात केलेला नसतो, ही गोष्ट या दाखल्याशी वरवर पाहता तंतोतंत जुळते.

जुळत नाही ते नेमके कसोटीच्या ठिकाणी. भाताचे आणि जवाचे बी पेरण्यापूर्वी वेगळे ओळखता येते, आणि फ्लोटही बुडवण्यापूर्वी तोलता येतो. पण पूर्वजन्मीचे कर्म सध्याच्या सुखदुःखावरूनच अनुमानित होते आणि मग त्याच सुखदुःखाचे कारण म्हणून सांगितले जाते. न्याय-वैशेषिकांनी त्याला दिलेले अदृष्ट हे नाव प्रांजळ आहे. कणादाच्या सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई ओढली जाण्याचे कारणही अदृष्टच सांगितलेले आहे. चुंबकत्वाचे नियम हाती आल्यावर तेथून अदृष्टाला उठावे लागले, आणि यावरून असे अनुमान करणे गैर नाही की निदान काही ठिकाणी ते शोध थांबलेल्या जागेचे नाव होते. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले ते कर्माच्या या साखळीत माणसाला मोकळीक कोठे आहे हे दाखवण्यासाठी. साखळी आहे की नाही, हा तेथील प्रश्न नव्हता. तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्मावर आजची दशा आधारण्याला स्पष्ट विरोध केला, आणि त्यांचा रोख असा होता की या मतामुळे गरिबांच्या व खालच्या मानल्या गेलेल्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येत नाही. हा आक्षेप पुष्कळदा केवळ सामाजिक म्हणून बाजूला ठेवला जातो, पण त्यात ज्ञानशास्त्रीय बाजूही तेवढीच भक्कम आहे: ज्या विषमतेची कारणे जमिनीच्या मालकीत, पाणवठ्याच्या बंदीत आणि शाळेच्या दारात मोजता येण्याजोगी समोर आहेत, तेथे न मोजता येणारे कारण पुढे करणे म्हणजे तराजू हाताशी असताना तो न वापरणे होय.

कर्मवादाच्या बाजूने एक उत्तर उरते आणि ते हलके नाही. पहिल्या कर्मापूर्वी तर कर्म नव्हते, मग पहिली विषमता कशी आली, असा आक्षेप ब्रह्मसूत्रकारांनी पुढच्याच सूत्रात स्वतःवर घेतला आहे आणि संसार अनादि आहे, त्याला पहिली कडी नाही, असे उत्तर दिले आहे. अनंत मागे जाणारी साखळी तर्कदृष्ट्या अशक्य नाही. फ्लोटच्या लाकडाची घनता झाडाच्या वाढीमुळे, वाढ माती-पाण्यामुळे, आणि माती त्याआधीच्या कशामुळे, अशी साखळी तेथेही मागे जातेच. पण अनादित्वाने प्रत्येक कडीला मागची कडी मिळते, अमुक एक साखळी अमुक एका जीवाच्या वाट्याला का, याचे उत्तर मिळत नाही. हा प्रश्न वागणुकीतील भेदाचा नाही, तो दोन जीव मुळात दोन का, याचा आहे. म्हणजे वैशेषिकांनी ज्यासाठी विशेष मानला आणि रघुनाथ शिरोमणीने जो टाकून दिला, तोच. जीवांची अनेकता अंतिम सत्य मानणाऱ्या द्वैती आणि नैयायिक परंपरांना त्याला सामोरे जावे लागते. अद्वैताला तसे जावे लागत नाही, कारण त्याच्या मते जीवांचा परस्परभेद व्यवहारापुरताच आहे. मात्र मग वैषम्याचे समर्थन करणारे ते उत्तरही व्यवहारापुरतेच उरते, आणि व्यवहारातल्या कारणांना लागणारी पडताळणीची अट त्यालाही लागू होते.